कीबोर्ड आपोआप भाषा बदलतो, शॉर्टकट चालेनासे होतात: विंडोज लॅपटॉपवरचा नेहमीचा घोळ आणि त्यावरचे उपाय

मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हमखास आढळणारा त्रास असा: वाक्य मराठीत चाललेलं असतं आणि मध्येच इंग्रजी अक्षरं उमटू लागतात. उलटही होतं. इंग्रजी ईमेल लिहिताना टी, एच, ई ही तीन बटणं दाबली की पडद्यावर ‘ूपा’ येतं. भाषा पुन्हा जागेवर आणावी, तर थोड्या वेळाने तेच. जोडीला आणखी तक्रारी असतात. काढून टाकलेला कीबोर्ड लॅपटॉप पुन्हा सुरू केला की परत हजर होतो. स्वतः ठरवलेला शॉर्टकट दुसऱ्या दिवशी गायब असतो. कंट्रोल-सी चालतं, पण एखाद्या वेबसाइटवरचे एकअक्षरी शॉर्टकट चालत नाहीत.

यावर अनेकजण थेट विंडोज नव्याने टाकून घेतात. त्याची गरज जवळपास कधीच नसते. बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत मध्ये बरेचजण असतात: लॅपटॉपचं हार्डवेअर, मग विंडोज, मग मागे चालू असलेली छोटी सॉफ्टवेअरं आणि शेवटी वर्ड, एक्सेल किंवा ब्राउझर. यातलं कोणीही ते बटण मध्येच स्वतःसाठी उचलू शकतं. कोणी उचललं हे कळलं की उपाय बहुतेक वेळा एका टिकमार्कचा असतो. खालचं सगळं विंडोज ११ आणि इंग्रजी मेनू धरून लिहिलं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांना खाली येणारं ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ ‘डिव्हायसेस’ मधल्या ‘टायपिंग’ खाली मिळेल.

सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी एक तपासणी करून घ्या. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. तुम्ही खरं बटण दाबलं की त्यातलं तेच बटण उजळतं. हात बाजूला असतानाही शिफ्ट, कंट्रोल किंवा ऑल्ट उजळलेलं दिसलं तर ते बटण अडकलेलं आहे. मग आधी कीबोर्डची साफसफाई किंवा दुरुस्ती. सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. एखादं बटण दाबूनही उजळत नसेल तर तेही इथेच समजतं.

भाषा का बदलते

विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून, तिसरं काहीच न दाबता सोडलं, की तो ‘पुढची भाषा’ असा हुकूम धरला जातो. मराठी टाइप करणाऱ्याच्या हाताखाली शिफ्ट सतत असतं, कारण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये ख, घ, थ, ध, फ, भ, ळ ही सगळी अक्षरं शिफ्टवरच आहेत. लॅपटॉपवर ऑल्ट आणि शिफ्ट जवळजवळ, बटणंही सपाट. अंगठा जरा सरकला की काम झालं. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली हलवायला ऑल्ट-शिफ्ट आणि बाण वापरणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो: ऑल्ट-शिफ्ट दाबलं, विचार बदलला, बोटं उचलली आणि भाषा बदलून गेली.

दुसरी जोडी कंट्रोल-शिफ्टची. ती एकाच भाषेतल्या दोन कीबोर्डांमध्ये फिरवते. हा फरक नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथे आहे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीसाठी इनस्क्रिप्टशिवाय ‘मराठी फोनेटिक’ हा, इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. अनेकांच्या लॅपटॉपवर मराठीखाली हे दोन्ही बसवलेले असतात. ऑल्ट-शिफ्टने इंग्रजी-मराठी बदलतं, कंट्रोल-शिफ्टने इनस्क्रिप्ट-फोनेटिक, आणि विंडोज-स्पेस सगळ्यांमधून एकापाठोपाठ एक फिरवतं. ‘के’ च्या बटणावर दोन्हीकडे क-च मिळतो, त्यामुळे पहिल्या अक्षरावरून चूक लक्षातही येत नाही. पुढचं अक्षर भलतंच आलं की लोक म्हणतात, ‘कीबोर्ड बिघडला’.

म्हणून पहिलं काम: नको असलेले कीबोर्ड काढून टाका. ‘सेटिंग्ज’ मधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा, मराठीसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ मध्ये जा आणि इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक यातला एकच ठेवा. इंग्रजीचाही एकच. दोनच कीबोर्ड उरले की विंडोज-स्पेस एकदा दाबल्यावर कुठे पोचणार हे नक्की असतं. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात तो आहे, शासकीय परीक्षांपासून लिनक्सपर्यंत सगळीकडे सापडतो आणि शब्दांच्या सूचनांमधून निवड करत बसावं लागत नाही. पण फोनेटिकवर हात बसलेल्यांनी तोच ठेवला तरी या दुरुस्तीत काही बिघडत नाही.

दुसरं काम: अपघाताने दाबल्या जाणाऱ्या जोड्या बंद करा. ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘टायपिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, आणि तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. तुमच्याकडे ही ओळ दिसत नसेल तर त्याच पानावर ‘यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार’ या पर्यायावर टिक करा आणि खालच्या ‘लँग्वेज बार ऑप्शन्स’ वर क्लिक करा. जी जुन्या पद्धतीची खिडकी उघडेल तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड की सेटिंग्ज’ हा टॅब आहे. ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ ही ओळ निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा. डाव्या बाजूला भाषा बदलण्याचं बटण, उजव्या बाजूला कीबोर्ड बदलण्याचं. दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’ करा आणि ओके देऊन बाहेर या. आता भाषा फक्त विंडोज-स्पेसने बदलेल, आणि ती जोडी चुकून सहसा दाबली जात नाही.

बहुतेकांचा त्रास इथेच संपतो. पण ज्यांना तासन्‌तास दोन भाषांत काम करायचं आहे, अनुवादक, शिक्षक, वकिलांकडचे टंकलेखक, त्यांनी आणखी एक पाऊल पुढे जावं. त्याच खिडकीत प्रत्येक कीबोर्डची वेगळी ओळ असते: इंग्रजीकडे जाण्यासाठी एक, मराठीकडे जाण्यासाठी एक. तिच्यावर ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबून ‘एनेबल’ वर टिक केली की थेट शॉर्टकट देता येतो. डावं ऑल्ट-शिफ्ट-१ म्हणजे इंग्रजी, डावं ऑल्ट-शिफ्ट-२ म्हणजे मराठी. दर वेळी पुढच्या भाषेवर नेणाऱ्या बटणापेक्षा हे फार बरं, कारण सध्या कोणती भाषा चालू आहे हे आधी पाहावं लागत नाही. मराठी हवी तर मराठीचं बटण दाबायचं. आधीच मराठी असेल तरी काही बिघडत नाही. नजर कागदावरून हलत नाही.

इथे कंट्रोल-शिफ्ट-१, २ असाही पर्याय मिळतो, पण तो घेऊ नका. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ ने आकड्यांचं स्वरूप, ४ ने चलनाचं आणि ५ ने टक्केवारीचं लागू होतं. हिशेबाचं काम करणाऱ्यांना ते रोज लागतात.

या थेट शॉर्टकटांची एक अडचण आहे: काही लॅपटॉपवर ते पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होतात. त्यामुळे शॉर्टकट दिल्यावर लगेच साइन आउट करून परत या आणि चालतो का पाहा. मग पूर्ण रीस्टार्ट करून पाहा. नाहीसा झाला तर आधी जादाचे कीबोर्ड काढा, खाली सांगितलेलं ‘कॉपी सेटिंग्ज’ करा आणि शॉर्टकट पुन्हा द्या. तरीही टिकला नाही तर त्या यंत्रावर हट्ट धरू नका. पॉवरटॉइज हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन आहे. ते बसवून त्यातल्या ‘कीबोर्ड मॅनेजर’ मध्ये कॅप्स लॉकच्या बटणाला विंडोज-स्पेस नेमून द्या. मराठी लिहिताना कॅप्स लॉक लागत नाही आणि ते बटण करंगळीच्या अगदी शेजारी आहे. दोनच कीबोर्ड ठेवलेले असतील तर हे एक बटण पुरतं.

वर्डमध्येच भाषा बदलत असेल

ब्राउझरमध्ये, नोटपॅडमध्ये सगळं ठीक. फक्त वर्डमध्ये कर्सर दुसऱ्या ओळीत नेला की भाषा बदलते. ही खूण दिसली तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये शोधू नका. वर्ड प्रत्येक मजकुराची भाषा नोंदवून ठेवतं आणि कर्सर इंग्रजी मजकुरात गेला की कीबोर्डही इंग्रजी करून देतं. मराठी लेखात कंसात एखादं इंग्रजी नाव आलं, त्याच्या शेजारी क्लिक केलं की झालंच. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये ‘ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड टू मॅच लँग्वेज ऑफ सराउंडिंग टेक्स्ट’ हा पर्याय आहे, त्याची टिक काढा. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने नवीन लॅपटॉप घेतल्यावर ही टिक पहिल्या दिवशी काढावी, इतका हा पर्याय आपल्या कामाच्या आड येतो. आउटलुकमध्ये ईमेल लिहिताना हेच होत असेल तर तिथल्या ‘एडिटर ऑप्शन्स’ मध्ये पाहा.

याचाच जवळचा भाऊ विंडोजमध्ये आहे. ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ मध्ये ‘प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड’ अशा अर्थाचा पर्याय दिसेल. त्यावर टिक असेल तर प्रत्येक खिडकी स्वतःची भाषा लक्षात ठेवते आणि खिडकी बदलली की भाषा बदलल्यासारखी वाटते. सर्वसाधारण वापराला ती टिक नको. मात्र एका खिडकीत इंग्रजीत शोध घ्यायचा आणि दुसरीत मराठीत लिहायचं अशी कामाची पद्धत असेल तर ती जरूर ठेवा, फार सोयीची आहे. एवढंच ध्यानात असू द्या की एका ब्राउझरचे सगळे टॅब एकाच खिडकीत मोजले जातात.

काढलेला कीबोर्ड परत येतो

बहुतेक वेळा परत येणारा कीबोर्ड ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असतो. तो चालू आहे की भारतीय इंग्रजीचा, हे ओळखायची सोपी युक्ती: उजवं ऑल्ट आणि ४ दाबा. ₹ उमटलं तर भारतीय कीबोर्ड, नाही उमटलं तर अमेरिकन. भाषा ‘इंग्लिश इंडिया’ असूनही तिच्याखाली कीबोर्ड अमेरिकन असू शकतो, म्हणून नुसतं भाषेचं नाव वाचून ठरवू नका.

परत येण्याची कारणं वेगवेगळी असतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं असेल आणि घरी-ऑफिसात दोन यंत्रं असतील, तर एकावरची भाषांची यादी दुसऱ्यावर येऊन बसते. ‘अकाउंट्स’ मधल्या ‘विंडोज बॅकअप’ मध्ये ‘रिमेंबर माय प्रेफरन्सेस’ खाली भाषेची टिक काढली की हे थांबतं. रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या यंत्रावर काम करणाऱ्यांचं वेगळं: आपल्या लॅपटॉपचा कीबोर्ड तिकडे सोबत जातो आणि तिथल्या यादीत दिसू लागतो.

आणि यादीत नाही, पण विंडोज-स्पेस दाबलं की दिसतो, असा कीबोर्ड असेल तर तो काढता येत नाही, कारण काढायला ओळच नसते. अशा वेळी ती भाषा आधी यादीत मुद्दाम घाला आणि मग काढा. काढताना ती तिच्या सगळ्या खुणांसह जाते.

हे झाल्यावर ‘लँग्वेज अँड रीजन’ मधून ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ उघडा, ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा आणि खालच्या दोन्ही चौकटींवर टिक करा. पहिली स्वागताच्या पडद्यासाठी, दुसरी नव्या वापरकर्त्यांसाठी. लॅपटॉप सुरू होताना पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, ही तक्रारही याच ठिकाणची: तिथे कीबोर्ड मराठी असतो आणि ठिपक्यांमागे काय उमटतंय ते दिसत नाही. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरलं की लगेच कळतं.

भाषा बरोबर, तरी शॉर्टकट चालत नाही

मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड बहुतेक प्रोग्रॅममध्ये चालतात, कारण विंडोज प्रोग्रॅमला बटणाची ओळख कळवतं, अक्षराची नाही. पण नुसत्या एका अक्षराचे शॉर्टकट असतील, व्हिडिओ थांबवायला ‘के’, जीमेलमध्ये खाली-वर जायला ‘जे’ आणि ‘के’, तर अनेक वेबसाइट उमटलेलं अक्षर पाहतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘के’ वर क आणि ‘जे’ वर र आहे. वेबसाइट ‘के’ ची वाट पाहते, तिच्या हाती क पडतो, आणि काहीच होत नाही. याला सेटिंगमधला उपाय नाही. असा शॉर्टकट वापरण्याआधी इंग्रजीवर जायचं, आणि त्यासाठीच वर सांगितलेलं थेट इंग्रजीचं बटण उपयोगी पडतं. स्वतःचे शॉर्टकट नेमून देतानाही, वर्डमध्ये असोत वा आणखी कुठे, आधी इंग्रजी कीबोर्ड चालू करा.

उजव्या ऑल्टबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर हा प्रश्न सतत येतो. भारतीय इंग्रजीच्या कीबोर्डमध्ये उजवं ऑल्ट हे साधं ऑल्ट नसतं, ते जादा चिन्हांचं बटण असतं. ₹ त्यामुळेच मिळतं. संस्कृत किंवा मराठी शब्द रोमन लिपीत अचूक लिहिण्यासाठी लागणारी, डोक्यावर आडवी रेघ असलेली अक्षरंही त्यावरच आहेत. विंडोजच्या दृष्टीने उजवं ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. याचे दोन परिणाम होतात. एक, ऑल्ट लागणारा कोणताही शॉर्टकट उजव्या ऑल्टने दाबला तर चालत नाही. दोन, कंट्रोल-ऑल्ट-ए सारखा शॉर्टकट तुम्ही एखाद्या प्रोग्रॅमला दिलात तर तो रेघवाल्या ‘ए’ शी भिडतो. एक तर अक्षर मिळतं, नाहीतर शॉर्टकट. संशोधनाचं, ग्रंथसूचीचं काम करणाऱ्यांनी म्हणून कंट्रोल-ऑल्ट आणि अक्षर ही जोडी मोकळीच सोडावी.

डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये शॉर्टकट दिला की तो नेमका कंट्रोल-ऑल्टचाच बनतो, हे इथे जोडून पाहा. शिवाय तो आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्ये असेल तोवरच तो चालतो. आवराआवर करताना आयकॉन दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की शॉर्टकट बंद.

वर्डमधले स्वतःचे शॉर्टकट ‘ऑप्शन्स’ मधल्या ‘कस्टमाइझ रिबन’ च्या तळाशी असलेल्या ‘कस्टमाइझ’ वरून देतात. ते ‘नॉर्मल’ नावाच्या टेम्प्लेटमध्ये साठतात. वर्ड अर्धवट बंद पडलं तर ही फाइल साठवली जात नाही आणि शॉर्टकट जातात. ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये, ‘सेव्ह’ या भागात, ही फाइल साठवण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की साठवलं गेलं की नाही हे कळतं. एक्सेलमध्ये मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आज्ञांची मालिका) सोडले तर असे शॉर्टकट देण्याची सोयच नाही. तिथे वरच्या ‘क्विक ॲक्सेस’ पट्टीत हवी ती आज्ञा ठेवा. पट्टीतली पहिली ऑल्ट-१ ने चालते, दुसरी ऑल्ट-२ ने. डाव्या ऑल्टने.

एफ२ ने फाइलचं नाव बदलण्याऐवजी आवाज किंवा उजेड बदलत असेल तर तो विंडोजचा प्रश्न नाही. वरच्या रांगेला लॅपटॉपने दुहेरी काम दिलेलं असतं. एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप छापलेलं असेल तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबा. नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) ‘ॲक्शन कीज’, ‘हॉटकी मोड’ किंवा ‘फंक्शन की बिहेवियर’ अशा नावाचा पर्याय असतो. गेमिंग लॅपटॉपवर विंडोजचं बटण मुद्दाम बंद करण्याची सोय असते, बहुधा एफएनसोबत. विंडोज-स्पेस अजिबात चालत नसेल तर ती पाहा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर ‘स्टिकी कीज’ ची खिडकी येते. ‘ॲक्सेसिबिलिटी’ मधल्या ‘कीबोर्ड’ मध्ये तिचा शॉर्टकट बंद करता येतो.

पॉवरटॉइजने बटणं बदलताना त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. ते मागे चालू असेल तोवरच बदल लागू राहतो, म्हणजे पासवर्डच्या पडद्यावर नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये चालायला पॉवरटॉइजही तसंच उघडावं लागतं. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट बदलता येत नाहीत. एफएनही बदलता येत नाही, कारण बहुतेक लॅपटॉपवर ते विंडोजपर्यंत पोचतच नाही. २०२४ पासूनच्या अनेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय सहायकाचं बटण आलं आहे. ते एक बटण नसून विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ ही जोडणी पाठवतं, म्हणून कीबोर्ड मॅनेजरमध्ये त्याला ‘रीमॅप अ की’ खाली शोधू नका, ‘रीमॅप अ शॉर्टकट’ खाली द्या.

लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल आणि दर सोमवारी सगळं पूर्ववत होत असेल, तर सेटिंग्ज वरून लादल्या जात आहेत. आयटी विभागाला ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढंच न लिहिता, कोणता कीबोर्ड परत येतो, यादीत दिसतो की फक्त विंडोज-स्पेस दाबल्यावर, आणि साइन आउटनंतर येतो की रीस्टार्टनंतर, हे तिन्ही लिहून द्या. त्यांना कारण शोधायला तेवढं पुरतं.